घाटात येणारा जळका वास

आंबोली घाट उतरताना जळका वास आला, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन आधी चाकं बघा. हात न लावता, फक्त जवळ नेऊन. एकाच चाकाला जास्त धग असेल तर बहुतेक कॅलिपर अडकलाय; गॅरेजच गाठा. सगळीच तापली असतील तर ब्रेकवर पाय फार राहिलाय. निवू द्या. डिस्कवर पाणी कृपा करून ओतू नका, ती वाकू शकते! मग दुसऱ्या गिअरवर उतरा.

ब्रेक ऑइल वेळेवर बदला. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत घसरू शकतो. तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळलं की पेडल थेट खाली जातं.

चढावर वास आला तर बहुधा क्लच. प्लास्टिक जळल्यासारखा असेल तर वायरिंग: इंजिन बंद, सगळे लगेच बाहेर.