जबाब देणारे सरकार

(उद्योग, व्यापार आणि रोजगार यांविषयी सरकार धोरणे ठरवते. ती धोरणे योग्य आहेत की नाहीत, याची तपासणी संसद कशी करते, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी काहीजण भिवंडीत, मालेगावात किंवा इचलकरंजीत राहत असतील. तेथील कितीतरी मोहल्ल्यांत सकाळी जाग येते ती यंत्रमागाच्या आवाजाने. खट्-खट्, खट्-खट्! परक्या माणसाला तो आवाज सहन होत नाही. पण त्या मोहल्ल्यातल्या माणसाला तो आवाज थांबला की भीती वाटते. कारण माग थांबला की मजुरी थांबते. जितके कापड विणले तितकेच पैसे, असा तेथला बहुतेक हिशेब असतो.

माग का थांबतो? कधी सूत महाग होते. कधी तयार कापडाला गिऱ्हाईक मिळत नाही. कधी बाहेरच्या देशातून स्वस्त कापड येते. सुतावर कर किती असावा, बाहेरून येणाऱ्या कापडावर जकात किती असावी, लहान कारखानदाराला कर्ज कसे मिळावे, हे सारे सरकार ठरवते. म्हणजे दिल्लीत एका कागदावर सही होते आणि तिचा परिणाम भिवंडीच्या एका घरातील चुलीवर होतो.

मग तुम्ही विचाराल, "सरकारने चुकीचा निर्णय घेतला तर त्याला जाब कोण विचारणार?" याचे उत्तर आहे, आपली संसद.

'जबाबदार' हा मराठी शब्द तुम्हांला ठाऊक आहे. तो आला कोठून? तुमच्या उर्दूतला 'जवाब' हा शब्द मराठीत 'जबाब' झाला. ज्याने जबाब द्यायचा तो जबाबदार. आपल्या संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदात म्हटले आहे की, मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. म्हणजे मंत्री कितीही मोठा असो, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने प्रश्न विचारला, की त्याने उत्तर दिले पाहिजे.

हे उत्तर मागण्याची पहिली रीत म्हणजे प्रश्नोत्तराचा तास. अधिवेशनाच्या काळात लोकसभेत तो सकाळी अकरा वाजता सुरू होतो. राज्यसभेत २०१४ पासून तो दुपारी बारा वाजता होतो. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. सदस्याला प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते. लोकसभेत साधारणपणे पंधरा दिवस आधी ती दिली पाहिजे. सगळ्यांचेच प्रश्न घेता येत नाहीत, म्हणून चिठ्ठ्या टाकून त्यांचा क्रम ठरवतात.

प्रश्नांचे मुख्य प्रकार दोन. ज्या प्रश्नावर तारकेची खूण असते, तो तारांकित प्रश्न. त्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून द्यायचे असते. लोकसभेत एका दिवसासाठी असे वीस प्रश्न घेतात. ज्यावर खूण नसते, तो अतारांकित प्रश्न. त्याचे उत्तर लेखी मिळते. असे २३० प्रश्न एका दिवसाच्या यादीत येऊ शकतात.

तारांकित प्रश्नाचे महत्त्व कशात आहे? त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. पहिले उत्तर मंत्रालयातील अधिकारी आधीच तयार करून देतात. परंतु सदस्य कोणता पूरक प्रश्न विचारील, हे कोणालाच ठाऊक नसते. वर्गात पाठ केलेले उत्तर म्हणून झाल्यावर गुरुजींनी "असे का?" म्हणून विचारले, की आपली खरी परीक्षा होते. मंत्र्याचेही तसेच आहे. विषय समजला असेल तर तो उत्तर देतो. नसेल तर ते साऱ्या देशाला दिसते.

समजा, तुमच्या भागातील खासदारांना यंत्रमागांविषयी प्रश्न विचारायचा आहे. तो ते कसा लिहितील? बहुधा असा :

(क) सुताच्या दरवाढीमुळे यंत्रमाग बंद पडत आहेत, हे खरे आहे काय?
(ख) असल्यास, त्याचा तपशील काय आहे?
(ग) कामगारांच्या रोजगारासाठी शासनाने कोणते उपाय योजले आहेत?

पाहा, या प्रश्नात रागाचा एकही शब्द नाही. नियमच तसा आहे. प्रश्नात टोमणा नसावा, आरोप नसावा, वाद घातलेला नसावा. तो दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा. माहिती नेमकी मागायची. प्रश्न जितका नेमका, तितके उत्तर टाळणे अवघड!

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळेच प्रश्न दिल्लीत विचारता येत नाहीत. जो विषय राज्य शासनाकडे आहे, तो राज्याच्या विधिमंडळात मांडावा लागतो. आपल्या महाराष्ट्राच्या विधानसभेतही तारांकित प्रश्न असतात आणि तातडीच्या विषयासाठी 'लक्षवेधी सूचना' असते. यंत्रमागाच्या विजेच्या सवलतीचा प्रश्न तेथे विचारतात.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. इंग्रजांच्या राज्यात १८९२ च्या कायद्याने कायदे मंडळातील सदस्यांना प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची परवानगी मिळाली. पण पूरक प्रश्न विचारता येत नव्हता आणि अंदाजपत्रकावर मतही देता येत नव्हते. अशाही परिस्थितीत गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारची तिजोरी भरलेली दिसते, म्हणून प्रजा सुखी आहे असे समजू नका, हे त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिले. गरिबाच्या मिठावरचा कर कमी करा, अशी मागणी त्यांनी केली. १९०३ मध्ये तो कर कमी झाला. गोखल्यांच्या हाती सत्ता नव्हती. त्यांच्याजवळ होते ते आकडे आणि अभ्यास.

आता स्वतंत्र भारतातील एक घटना ऐका. १९५६ मध्ये सरकारने विमा कंपन्या आपल्या ताब्यात घेऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन केले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत आहे. शिक्षक, कारकून, कामगार, दुकानदार अशा लाखो लोकांनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा या महामंडळाकडे होता. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीशी संबंधित सहा कंपन्यांचे शेअर विकत घेतले. त्यासाठी सव्वा कोटीच्या आसपास रुपये मोजले. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, पण या व्यवहारापूर्वी तिचा सल्ला घेतला नव्हता.

लोकसभेत याविषयी प्रश्न विचारले गेले. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधी यांनी हे प्रकरण तपशिलासह सभागृहापुढे मांडले. विशेष म्हणजे फिरोज गांधी विरोधी पक्षाचे नव्हते. ते सत्तेवर असलेल्या काँग्रेस पक्षाचेच खासदार होते. शिवाय पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचे जावई होते. पण विमेदारांच्या पैशाचा प्रश्न त्यांना पक्षापेक्षा आणि नात्यापेक्षा मोठा वाटला.

सरकारने चौकशी नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छगला यांच्याकडे ते काम सोपवले. चौकशी मुंबईत, सर्वांसमक्ष झाली. ती ऐकायला एवढी गर्दी लोटली की, बाहेरच्या लोकांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. छगला यांनी काही आठवड्यांत अहवाल दिला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. प्रश्नाची ताकद किती असते, हे तेव्हा देशाने पाहिले.

तथापि, सारी तपासणी एका तासात होत नाही. मोठ्या कायद्याचा किंवा मोठ्या खर्चाचा अभ्यास करायला निवांतपणा लागतो. म्हणून संसदेच्या समित्या असतात. सरकारने पैसा कसा खर्च केला, हे लोकलेखा समिती पाहते. ती १९२१ पासून आहे. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याचा प्रघात आहे. सरकारी कंपन्यांचा कारभार तपासण्यासाठी १९६४ मध्ये सार्वजनिक उपक्रम समिती स्थापन झाली.

१९९३ मध्ये मंत्रालयांशी निगडित अशा १७ स्थायी समित्या नेमल्या गेल्या. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येक समितीत ३१ सदस्य असतात. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्र्याला या समितीचे सदस्य होता येत नाही. कारण ज्याचा हिशेब तपासायचा, त्यानेच तो तपासून कसे चालेल? उद्योगासाठी एक समिती आहे, व्यापारासाठी एक आहे. कामगार आणि वस्त्रोद्योग हे विषयही एका समितीकडे आहेत. समिती मंत्रालयाच्या सचिवांना बोलावते. कामगार संघटना, कारखानदार आणि जाणकार यांचे म्हणणे ऐकते. या बैठका बंद दाराआड होतात. तेथे छायाचित्रकार नसतात, म्हणून भाषणबाजी कमी आणि काम जास्त होते.

एक उदाहरण घेऊ. पूर्वीच्या कायद्यानुसार १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे. २०१९ मध्ये औद्योगिक संबंधांविषयी नवे विधेयक आले. त्यात १०० हा आकडा होता, पण तो बदलण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला होता. विधेयक स्थायी समितीकडे गेले. एप्रिल २०२० मधील अहवालात समितीने म्हटले की, ही मर्यादा ३०० करावी आणि ती कायद्यातच लिहावी. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने जी संहिता मंजूर केली, तिच्यात ३०० हा आकडा आला.

हे चांगले झाले की वाईट? कोणी म्हणाले, "आता लहान कारखाने वाढतील, नव्या नोकऱ्या निघतील." कोणी म्हणाले, "आता कामगाराच्या नोकरीची शाश्वती कमी होईल." दोन्ही बाजूंनी विचार करून पाहा. समिती म्हणाली म्हणून ते बरोबरच, असे नाही. ज्या सदस्याला बहुमताचे म्हणणे पटत नाही, त्याला अहवालाला आपली असहमती जोडता येते.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. परंतु शिफारशीचे काय केले, हे सरकारला कळवावे लागते. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासनही हवेत विरून जात नाही. ते नोंदले जाते आणि साधारणपणे तीन महिन्यांत पुरे करावे लागते. त्यावर लक्ष ठेवायला लोकसभेत १९५३ पासून एक वेगळी समिती आहे.

एवढी व्यवस्था असूनही तपासणी कधी कधी लंगडी पडते. गोंधळामुळे प्रश्नोत्तराचा तास वाया जातो. काही उत्तरे "माहिती गोळा केली जात आहे" या वाक्यावर संपतात. महत्त्वाची विधेयकेही कधी समितीकडे न जाता मंजूर होतात. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रश्नोत्तराचा तास घेतला गेला नाही. सदस्यांना फक्त लेखी उत्तरे मिळाली. घड्याळ आहे म्हणून वेळ कळत नाही; त्याला चावी द्यावी लागते. संसदेचेही तसेच आहे. ती चावी शेवटी लोकांच्या हाती असते.

तुम्ही अजून मतदार नाही, पण अठरा वर्षांचे झालात की व्हाल. तोवर काय करता येईल? संसदेतील प्रश्न आणि त्यांची उत्तरे कोणालाही वाचता येतात. ती संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. तुमच्या गावातील उद्योगाविषयी कोणता प्रश्न विचारला गेला, ते शोधा. एकही सापडला नाही, तर आपल्या खासदारांना एक पत्र लिहा. पत्र लहान असावे. त्यात टोमणा नसावा. नेमका प्रश्न असावा.

एखाद्या दिवशी तुमचे अब्बा लवकर घरी येतील आणि म्हणतील, "आज माग बंद होता." तेव्हा "नशीब!" म्हणून गप्प बसू नका. "का बंद होता?" असे विचारा. लोकशाहीतील प्रत्येक मोठा प्रश्न असाच एखाद्या घरात पहिल्यांदा विचारला जातो.

शब्दार्थ
धोरण – कामाची ठरवलेली दिशा
जकात – मालाच्या ने-आणीवरील सरकारी कर
पोटाला चिमटा घेणे – स्वतः उणे सोसून बचत करणे
प्रघात – रूढ पद्धत
शाश्वती – खात्री
असहमती – मत वेगळे असणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
 (अ) तारांकित प्रश्न म्हणजे काय?
 (आ) मंत्र्याला स्थायी समितीचे सदस्य का होता येत नाही?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
 (अ) गोखल्यांनी १९०२ च्या भाषणात काय दाखवून दिले?
 (आ) फिरोज गांधी यांच्या वागण्यातून तुम्ही काय शिकलात?
३. 'जबाबदार' या शब्दाप्रमाणे शेवटी 'दार' असलेले पाच शब्द लिहा. त्यांपैकी कोणते उर्दूतही आहेत, ते सांगा.
४. तुमच्या गावातील एखाद्या धंद्याविषयी (क), (ख), (ग) असा प्रश्न तयार करा.