येरळेचे दोन प्रश्न

मी इंजिनिअर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे धरणाचे दरवाजे कधी उघडावेत हे मी सांगणार नाही. पण ते ठरवताना कोणाकोणाचा विचार करायचा, हा प्रश्न न्यायाचा आहे. त्याबद्दल आज थोडं बोलू.

आपली येरळाच घ्या. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात उगम, आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ ती कृष्णेला मिळते. बरेच महिने कोरडीच असते. १९८०च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी या नदीवर स्वतःचं धरण बांधलं, बळीराजा धरण. पैसा कुठून आणला? नदीतली वाळू ठेकेदार नेत होते. लोकांनी भांडून वाळूचा हक्क मिळवला आणि थोडी वाळू विकून धरणासाठी पैसा उभा केला. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट पुढे आहे. पाणी एकराच्या मापाने वाटायचं नाही, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, आणि या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे पाणी कमी असेल तर कोणी किती आवरायचं, हे त्यांनी आधीच आणि सगळ्यांसमोर ठरवून टाकलं.

आता याच नदीच्या मुखाशी या. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसं पुरातून बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्याच दिवसांत पूर्वेकडे जत-आटपाडीच्या बाजूला टँकर चालू होते. जिल्हा एक, महिना एक!

लगेच सगळे विचारू लागले, कोयना आधी रिकामी का ठेवली नाही? प्रश्न रास्त आहे. पण चारच वर्षांनी, २०२३ला, पाऊस कमी पडला, कोयना भरली नाही, सांगलीत कृष्णेचं पात्र कोरडं पडलं. मग कोयनेतून किती पाणी सोडायचं यावरून सातारा आणि सांगली यांच्यात वाद पेटला. बघा, कोयनेची क्षमता साधारण १०५ टीएमसी. जुलैत तिच्यात जागा रिकामी ठेवली तर पुराला आधार, पण पुढे पाऊस दगा देऊ शकतो. लवकर भरून घेतली तर उन्हाळ्याची सोय, पण अतिवृष्टी झाली तर खालच्या गावांना धोका. दोन्ही बाजूंनी कोणीतरी जोखीम घेतोच. फरक एवढाच, की ती कोणाच्या डोक्यावर टाकली हे आपण मोठ्याने बोलत नाही.

काही जण म्हणतात, पुराचं पाणी टेंभू, म्हैसाळ योजनांनी उचलून दुष्काळी भागात न्यावं. जरूर न्यावं. मात्र लोंढ्यापुढे पंपांची ताकद फार थोडी. त्याने सांगलीचा पूर उतरणार नाही. जतचा एखादा तलाव भरेल, तेही काही कमी नाही. आणि वीजबिल? सरकारने ८१ टक्के आणि शेतकऱ्याने १९ टक्के, असं सूत्र ठरलं. म्हणजे उचललेल्या प्रत्येक थेंबात सगळ्या समाजाचा पैसा आहे. मग ते पाणी फक्त ज्याची जमीन मोठी त्याच्याच उसाला का जावं?

‘एकात्मिक जलव्यवस्थापन’ म्हणतात ते मला एवढंच वाटतं. उगमापासून मुखापर्यंतचं खोरं एक समजायचं. पाऊस चांगला, मध्यम, अपुरा आणि अति, अशा चारही वर्षांचे नियम कोरड्या डोक्याने आधीच ठरवायचे: कोणत्या तारखेला धरण किती भरलेलं असेल, कपात आली तर आधी कोणाची, पूर आला तर कोणत्या गावाला किती तास आधी सांगायचं. संकट आल्यावर ठरवायला बसलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. अनुभव आहे आपला.

आणि ठरवायला कोण बसणार? कालवा सल्लागार समितीत लोकप्रतिनिधी असतात, अधिकारी असतात. बलवडीची भूमिहीन बाई आणि ब्रह्मनाळचा नदीकाठी राहणारा माणूस, या दोघांना तिथे जागा हवी. एकीला पाणी न मिळण्याची भीती, दुसऱ्याला पाणी घरात येण्याची. दोघांना पटेल असा नियम सापडला, तर तो बाकी सगळ्यांना झेपेल.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.