काका, कॅमेरा आणि कॅसेट

‘चपला बाहेर काढा आणि मोबाइल सायलेंटवर नको, बंदच करा. कॅसेट लावली की त्याची घरघर स्पीकरमध्ये येते.’

पुण्यातल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर आमचं स्वागत असं झालं. आम्ही म्हणजे मास कॉमच्या शेवटच्या वर्षाची चौकडी. एक कॅमेऱ्यावर, एक साउंडला, एक एडिटला आणि डिरेक्टर म्हणून मिरवायला मी. पंधरा मिनिटांच्या आतली डॉक्युमेंटरी करायची आणि सेमिस्टर संपायच्या आत सबमिट करायची, एवढंच ठरलं होतं. विषय काही सापडत नव्हता. वडापाव झाला, रिक्षा झाली, कॉलेजचं मांजरसुद्धा झालं. सरांनी सगळं बाद केलं. मग एका रविवारी जुन्या बाजारात फिरताना कॅसेट्सच्या ढिगासमोर उकिडवे बसलेले काका दिसले. एकेक कॅसेट उचलायची, बघायची आणि छापील कव्हर असेल तर बाजूला ठेवायची, असं त्यांचं चाललं होतं. विकणारा दादा हसत म्हणाला, ‘हे गाण्याच्या कॅसेट घेत नाहीत. ज्याच्यावर पेनानं लिहिलंय तेवढ्याच घेतात.’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. विषय मिळाला!

दीड हजार आवाज

काकांचं पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुकान नाही, पण घरातल्या एका खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आहेत आणि त्यावर त्यांच्या हिशेबानं दीड हजार कॅसेट्स. हिट गाणी एकाही कॅसेटवर नाहीत. मग आहे काय? ‘बंड्याची मुंज’. ‘गणपती ८७, भजन’. ‘ताईचं गाणं, परीक्षेआधी’. आणि कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्या कुणीतरी घरच्यांना पाठवलेली एक कॅसेट. तेव्हा परदेशातून फोन करणं परवडायचं नाही. म्हणून माणसं कॅसेट भरून बोलायची आणि सुट्टीवर निघालेल्या गाववाल्याच्या हाती ती घरी पाठवायची. या कॅसेटवरचा माणूस आधी पाच मिनिटं एकेकाचं नाव घेऊन खुशाली विचारतो. मग ‘म्हैस व्याली काय?’ असं विचारून चक्क थांबतो. जणू समोरून उत्तर येणारे.

आपल्या पिढीला कॅसेट माहितीये ती टी-शर्टवरच्या डिझाइनपुरती. म्हणून थोडी माहिती. फिलिप्स कंपनीनं ही छोटी कॅसेट १९६३ मध्ये आणली. आतली टेप जेमतेम चार मिलिमीटर रुंद, प्लास्टिकची आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा लेप. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला अर्धा तास मावतो. तबकडीवर फक्त दुसऱ्यानं गायलेलं ऐकता यायचं. टेपरेकॉर्डरमुळे मात्र साध्यासुध्या घरातही स्वतःचा आवाज साठवायची सोय आली. काकांना नेमकं हेच हवं असतं. ‘सिनेमाची गाणी कुठंही मिळतील, पण बंड्याच्या मुंजीतल्या आजीचं बोलणं या एकाच कॅसेटवर आहे. ही रद्दीत गेली की संपलं,’ असं ते म्हणतात.

मात्र कॅसेट सांभाळणं हे भयंकर चिकाटीचं काम आहे. दमट हवेत टेपला बुरशी येते, टेप ताणली जाते, मशीनमध्ये अडकते. बुरशी आलेल्या कॅसेट्स काका वेगळ्या डब्यात ठेवतात. सैल पडलेली टेप पेन्सिल घालून गुंडाळतात. मशीनचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसानं पुसतात. हल्ली ते एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर घेतात, पण त्याला शॉर्टकट नाही. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे साठ मिनिटं बसायचं. सगळ्या कॅसेट्स तासाभराच्या धरल्या तर झाले दीड हजार तास. रोज चार तास बसले तरी वर्षाच्या वर!

आणखी एक गोष्ट. आणलेली कॅसेट लावण्याआधी काका तिच्या एका कडेला असलेले प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे स्क्रू ड्रायव्हरनं मोडतात. ते मोडले की त्या कॅसेटवर नवीन काही रेकॉर्ड होत नाही. आम्ही तो शॉट झकास घेतला, स्लो मोशनमध्ये. पण इतक्या नेमानं का मोडता, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

आम्ही केलेला घोळ

पाच दिवसांत शूट आटोपलं आणि बारा मिनिटांचा रफ कट तयार झाला. सुरुवातीला उडतं म्युझिक. काका ढिगात हात घालताहेत. काकू म्हणताहेत, ‘फ्रिज ठेवायला जागा नाही, कॅसेटींना आहे.’ लगेच कट करून काका कॅसेटवरची धूळ फुंकताना. वर्गातल्या मित्रमैत्रिणींना दाखवला. सगळे खो खो हसले. ‘कसला भारी अवलिया आहे यार!’ आम्ही खूश.

सबमिशनला आठवडा उरला असताना तो काकांना लॅपटॉपवर दाखवला. काकू हसल्या. काका शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, ‘छान केलंय. मी बराच वेडा दिसतो. पण एक सांगा, यात एकही कॅसेट ऐकू का येत नाही?’

खरंच की. प्रत्येक कॅसेटवर आम्ही आमचं म्युझिक चढवलं होतं. मूळ आवाजाचा सगळ्यात मोठा तुकडा चार सेकंदांचा होता. कारण काय, तर खरखर होती आणि एडिटमध्ये ती घाण वाटत होती. ज्या माणसानं आयुष्य ऐकण्यात घालवलं, त्याच्यावरच्या फिल्ममध्ये ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. मला अगदी कानकोंडं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘काका, ते तुकडे का मोडता?’

काका जरा वेळानं बोलले. ‘दुकान असताना एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. आत कॅसेट तशीच होती. मी बेल्ट बदलला आणि रेकॉर्डिंग होतंय का ते बघायला आतलीच कॅसेट वापरली. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. संध्याकाळी त्यांनी दुकानातच लावून बघितली. त्यावर त्यांच्या आईच्या ओव्या होत्या. आई त्याच वर्षी गेलेली. ओवी सुरू झाली आणि मध्येच माझा आवाज. हॅलो, हॅलो. चाळीस सेकंद. बाई काही बोलल्या नाहीत. दुरुस्तीचे पैसे देऊन गेल्या.’

रेकॉर्ड करताना मशीन टेपवरचं जुनं आधी पुसतं आणि मग नवं उमटवतं. पुसलेलं परत येत नाही. काकांना हे त्या दिवशीही माहीत होतं.

कॅमेरा बॅगेत होता. ‘हे कॅमेऱ्यासमोर सांगाल का?’ असं विचारताना माझा आवाज कापत होता. काकांनी दोन दिवस मागून घेतले आणि मग हो म्हणाले. अट एकच, त्या बाईंचं नाव घ्यायचं नाही.

पुन्हा टेबलावर

मग आम्ही पूर्ण फिल्म मोडून परत बांधली. म्युझिक काढून टाकलं. आखातातला माणूस म्हशीची चौकशी करून थांबतो, तो थांबासकट ठेवला. काकूंचं वाक्य आम्ही अर्ध्यात कापलं होतं, तेही पूर्ण घेतलं. ‘फ्रिज ठेवायला जागा नाही, कॅसेटींना आहे. पण रात्री हे ऐकत बसले की मीही बसते.’ हा उरलेला अर्धा भाग आमच्या विनोदात बसत नव्हता, म्हणून आम्ही तो उडवला होता.

या काळात सरांच्या सांगण्यावरून दोन फिल्म्स बघितल्या. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची पायाभरणी करणाऱ्या पी. के. नायर यांच्यावरची शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांची ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) आणि अमेरिकेतल्या मॅरियन स्टोक्स यांच्यावरची मॅट वुल्फ यांची ‘रेकॉर्डर’ (२०१९). स्टोक्सबाईंनी साधारण १९७९ पासून २०१२ मध्ये जाईपर्यंत घरातल्या टीव्हीवर बातम्या अखंड टेप केल्या. जवळपास सत्तर हजार व्हिडिओ कॅसेट्स! दोन्ही फिल्म्समध्ये या माणसांचा हट्ट दिसतोच, पण त्यांनी जपलेलं मटेरियलही भरपूर बघायला मिळतं. आमच्या रफ कटमध्ये नेमकं तेच नव्हतं.

तुम्ही असं काही करणार असाल तर दोन गोष्टी आधीच बघून ठेवा. बाजारात विकल्या गेलेल्या कॅसेटमधलं गाणं वापरायचं तर परवानगी लागते. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. आणि घरगुती कॅसेटवर कुणाचं तरी खासगी आयुष्य असतं. त्या माणसांना आपण विचारलेलं नसतं. म्हणून आम्ही प्रत्येक नाव आणि गाव म्यूट केलं. ज्या कॅसेटमध्ये नवरा-बायकोचं भांडण होतं, ती काकांनी आम्हाला ऐकूच दिली नाही. बरंच केलं.

स्क्रीनिंग कॉलेजच्या हॉलमध्ये झालं. काकांची गोष्ट संपल्यावर आम्ही कोऱ्या टेपची नुसती खरखर ठेवली आहे, बरोबर चाळीस सेकंद. मागून कुणीतरी ओरडलं, ‘साउंड गेला का?’ पहिल्या रांगेत बसलेल्या काकांनी मागे वळून तोंडावर बोट ठेवलं. हॉल गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या तिघांनी घरच्या माळ्यावर शोधाशोध केली. दोघांना कॅसेट्स सापडल्या. तुम्हालाही कदाचित सापडेल. पेनानं काही लिहिलेलं असेल तर घाईनं लावू नका. बुरशी आहे का ते बघा, मशीनचं हेड पुसून घ्या. आणि त्याआधी टेप जिथे उघडी दिसते त्याच्या विरुद्ध कडेचे ते दोन तुकडे मोडा. मग प्ले दाबा आणि घरातल्या मोठ्या माणसांना जवळ बोलवा. आवाज कुणाचा आहे, ते त्यांनाच ओळखता येईल.