लेण्याद्रीची अक्षरे

आपल्या लोणीहून मंचर, नारायणगाव, जुन्नर असे गेले की पुढे पाचेक किलोमीटरवर लेण्याद्रीचा डोंगर लागतो. सुमारे ३०० पायऱ्या आहेत. दम लागतो, म्हणून सावकाश चढावे.

वर ओळीने सुमारे ३० लेणी आहेत. बाहेरून दगड आणून ती बांधली नाहीत. डोंगरच पोखरला आहे. सुमारे १,८०० वर्षांपूर्वी इथे बौद्ध भिक्षू राहत. सातव्या लेण्यात त्यांच्या २० खोल्या आहेत. मधले दालन केवढे मोठे, पण त्यात एकही खांब नाही! तिथेच आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती आहे.

शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह, प्रार्थनेची जागा. आत दगडी स्तूप आहे. तिथे ब्राह्मी लिपीत एक लेख कोरला आहे. कल्याणच्या सुलसदत्ताने हे चैत्यगृह दान दिले, असे तो सांगतो. कल्याण हे जुने बंदर. तिथला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. धनवान लोक दान देत आणि त्यातून लेणी खोदली जात.

सुलसदत्ताने दान दिले, म्हणून त्याचे नाव राहिले. आता काही लोक नुसत्या हौसेने खिळ्याने भिंतीवर आपले नाव खरडतात. त्याने जुने काम बिघडते. गेलेले अक्षर पुन्हा येत नाही. १९५८ च्या कायद्याने हा गुन्हाच आहे.

मंडळी, आपण अक्षरे शिकलो, ती वहीत लिहू. लेण्यावरची अक्षरे मात्र नातवंडांसाठी तशीच राहू देऊ.