रुग्णालयाचें बिल आणि वसुलीवाल्याचें पत्र

मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहण्यासाठीं अमेरिकेस जाणारे आईवडील आतां आपल्या शहरांतून पुष्कळ आहेत. तिकडे एखाद्या रात्रीं छातींत दुखूं लागतें, रुग्णालयाच्या तांतडीच्या विभागांत जावें लागतें, चार तासांनीं "विशेष कांहीं नाहीं" असें सांगून घरीं पाठवतात, आणि सर्वांना हायसें वाटतें. पुढें कित्येक महिन्यांनीं, आईवडील पुण्यास किंवा दादरला परतल्यावर, मुलाच्या पत्त्यावर एका अपरिचित कंपनीचें पत्र येतें. त्यांत रुग्णालयाचें नांव असतें, हजारों डॉलरांचा आंकडा असतो, आणि ही रक्कम आमच्याकडे भरावी असें लिहिलेलें असतें. या पत्राचें काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हें पत्र म्हणजे काय तें पाहूं. रुग्णालय आपलें थकलेलें येणें वसुली करणाऱ्या कंपनीकडे सोंपवतें, किंवा थोडक्या किमतीस विकूनही टाकतें. वसुलीवाल्याला उपचार, तपासण्या, विम्याचा पत्रव्यवहार यांतलें फारसें ठाऊक नसतें; त्याच्यापाशीं बहुधा एक नांव, एक तारीख व एक आंकडा एवढेंच असतें. तेव्हां त्याचें पत्र हा न्यायालयाचा निकाल नव्हे. तो नुसता दावा आहे. सावकाराचा गुमास्ता रिकाम्या हातानें दारांत उभा राहिला, तर जुनीं माणसें त्याला "आधीं वही दाखव" म्हणत. अमेरिकन कायद्यानें ऋणकोला हेंच म्हणण्याचा अधिकार दिला आहे.

हा कायदा १९७७ सालचा. वसुलीवाल्यानें पहिल्या संपर्काबरोबर, किंवा त्यानंतर पांच दिवसांच्या आंत, रक्कम किती व धनको कोण हें कळवलें पाहिजे. तें पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आंत ऋणकोनें "हें देणें मला मान्य नाहीं, पुरावा द्यावा" असें लेखी कळवलें, तर पुरावा पाठवीपर्यंत वसुली थांबवावी लागते. येथें 'लेखी' हा शब्द महत्त्वाचा. दूरध्वनीवर कितीही भांडलें तरी हा थांबा मिळत नाहीं; आणि आपले लोक नेमके दूरध्वनीवरच भांडतात, आर्जवें करतात, नाहींतर वेळ मारून नेण्यासाठीं पन्नास डॉलर भरून मोकळे होतात. कित्येक राज्यांत अशा अल्पशा भरण्यानें दाव्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. (३० दिवस उलटले एवढ्यावरून देणें कबूल केलें असें न्यायालयास मानतां येत नाहीं, जातो तो वसुली थांबवण्याचा हक्क.)

पत्र चार ओळींचें पुरतें. वसुलीवाल्यानें दिलेला खातेक्रमांक, देणें अमान्य असल्याचें स्पष्ट वाक्य, मूळ धनकोच्या नांवपत्त्याची मागणी, आणि बिल ज्याच्या नांवें आहे त्याची सही. आजाराची कहाणी किंवा गरिबीचें वर्णन त्यांत नको. पत्र पोचपावतीच्या टपालानें पाठवावें व नक्कल जपून ठेवावी.

आतां या कायद्याचें एक वैगुण्य. पुरावा म्हणजे काय, याची मोठी कसोटी त्यानें घातलेली नाहीं. रुग्णालयाकडून आंकडा पुन्हा पडताळून पाठवला तरी बहुधा भागतें. म्हणून खरी छाननी आपणच करावयाची असते, आणि ती रुग्णालयाशीं. त्याच दिवशीं रुग्णालयास दुसरें पत्र लिहून बाबवार बिल मागवावें. एकाच रात्रीबद्दल रुग्णालयाचें, तांतडीच्या डॉक्टरांचें, क्ष-किरण चित्र वाचणाऱ्याचें व रुग्णवाहिकेचें अशीं निरनिराळीं बिलें येऊं शकतात. त्यांतलें एक भरलें म्हणजे सगळीं फिटलीं असें होत नाहीं. बाबवार बिलांत एकच तपासणी दोनदां लावलेली आढळते, न झालेला उपचार आढळतो.

आपल्या लोकांच्या बाबतींत आणखी एक बारीक गोष्ट पाहावी. अमेरिकेंत तारीख लिहितांना महिना आधीं लिहितात. ५ मार्च हा जन्मदिवस आपण ०५-०३ असा सांगितला, तर तिकडे तो ३ मे होतो. मधलें नांव वडिलांचें किंवा पतीचें, तेंही कधीं आडनांवाच्या जागीं बसतें. विमा कंपनीच्या दप्तराशीं हें जुळलें नाहीं म्हणजे दावा परत येतो, आणि बिल रोग्याच्या नांवावर थकत राहतें. असें असेल तर चूक दुरुस्त करून दावा पुन्हा पाठवण्यास रुग्णालयास सांगावें. मात्र विम्याच्या दाव्यालाही मुदत असते. शिवाय पाहुण्यांसाठीं विकले जाणारे कांहीं स्वस्त विमे प्रत्येक उपचारामागें ठराविक रक्कमच देतात. बाकीची भर रोग्यावर पडते, आणि तेथें चूक शोधून उपयोग नसतो.

तेथें दुसरा मार्ग आहे. धर्मादाय म्हणून करमाफी घेणाऱ्या रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचें लेखी धोरण ठेवावें लागतें, आणि घरीं सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावा लागतो. बिल वसुलीवाल्याकडे गेलें म्हणून हा हक्क बुडत नाहीं. पाहुण्या आईवडिलांना साहाय्य मिळेल कीं नाहीं, तें त्या त्या रुग्णालयाच्या धोरणावर अवलंबून. परंतु अर्ज विनामूल्य आहे, आणि तो न करणें हें मला अनाठायीं भिडस्तपणाचें वाटतें.

मुलाची पत जाईल ही भीति वसुलीवाला पुष्कळदां घालतो. बिल आईच्या नांवें असेल, आणि दाखल करतेवेळीं मुलानें जबाबदारीच्या कागदावर सही केली नसेल, तर तें त्याच्या पतनोंदींत जाण्याचें कारण नाहीं. सही केली असेल तर तोही बांधला जाण्याचा संभव असतो. तथापि ५०० डॉलरांखालचीं वैद्यकीय देणीं तिकडच्या तिन्ही मोठ्या पतसंस्थांनीं २०२३ पासून नोंदींतून वगळलीं आहेत.

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये असें आपण म्हणतों. पण समन्स आलें तर ही म्हण बाजूस ठेवावी. उत्तर न दिल्यास दावा एकतर्फी निकालांत निघतो, आणि मग पुरावा मागण्यास जागा उरत नाहीं. छाननीअंतीं कांहीं रक्कम खरोखरीच देणें निघाली, तर कमी रकमेवर तडजोड होऊं शकते. ती पैसे पाठवण्यापूर्वीं लेखी घ्यावी, आणि त्या कागदांत ही रक्कम संपूर्ण फेडीची आहे असे शब्द आहेत कीं नाहींत तें वाचून पाहावें.