एकमेकांसाठी थांबण्याची शिस्त

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेला आवाजाचं वावडं नाही. पाटाकडील तालमीनं फुटबॉलचा सामना मारला की हलगी कडाडते, गुलाल उधळतो आणि गल्लीत उभ्या उभ्या सामन्याची उजळणी सुरू होते. अशा पेठेतून रविवारी सकाळी उपासनेला निघणाऱ्याला शिस्त म्हणजे गप्प बसणं, हे सहजी पटत नाही. पण ‘शास्त्रात शिस्त सांगितली आहे’ हे वाक्य मंडळीत बहुधा कुणाला तरी गप्प करण्यासाठीच ऐकू येतं. म्हणून मागे वळून पाहावंसं वाटलं.

त्या वाक्यामागचा मूळ प्रसंग करिंथच्या मंडळीचा, इ.स. ५५च्या सुमाराचा. प्रभुभोजनाला जमलेल्यांत कुणी पिऊन झिंगलेला, तर कुणी उपाशी. सभेत अन्य भाषांची झुंबड आणि अर्थ सांगणारा कुणी नाही. प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात जेवताना एकमेकांसाठी थांबायला सांगितलं. चौदाव्यात सांगितलं, की दोघातिघांनी पाळीपाळीनं बोलावं आणि दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्यानं थांबावं. न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच त्याला मोलाचे वाटले. याच अध्यायात स्त्रियांनी सभेत गप्प राहावं असंही आहे. अकराव्यात मात्र प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या स्त्रिया गृहीतच धरल्या आहेत. त्या विसंगतीवरचा वाद अजून मिटलेला नाही.

कोल्हापुरात ही शिकवण अमेरिकन वळणानं आली. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२च्या डिसेंबरात इथे आले. १८७०मध्ये त्यांचं काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. पाळक आणि वडीलमंडळी, शास्त्रवाचन, उपदेश, आशीर्वाद असा तो नेटका क्रम. वायल्डर मेमोरियल चर्चच्या नावात ती आठवण आजही आहे. क्रम चांगलाच होता, पण चाली परक्या होत्या. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी नगर भागात भजन-कीर्तनाची वाट रुंद केली आणि मराठी माणसाला आपल्या सुरात देवाशी बोलता आलं. कळणारे पाच शब्द ते हेच.

या शिस्तीची सर्वांत मोठी परीक्षा केडगावला झाली. २९ जून १९०५च्या सुमारास पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, शेकडोजणी एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. हा गोंधळ आहे, अशी टीका झाली. रमाबाईंनी तो आवाज दडपला नाही. ज्यांना घरात आणि समाजात कधी तोंड उघडू दिलं नव्हतं, त्यांचा तो आवाज होता. पण याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोपं मराठी भाषांतर करत वर्षानुवर्षं बसल्या. १९२२मध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९२४मध्ये प्रसिद्ध झाला. रडू मोकळं सोडायचं आणि शब्द मात्र कळेल असाच द्यायचा, ही दोन्ही कामं त्यांनी केली. करिंथकरांना लिहिलेलं पत्र याहून नीट कुणी वाचलं असेल, असं मला वाटत नाही.

पुढचे टप्पे शांतपणे पार पडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर १९६३मध्ये लोकभाषेला दार उघडलं आणि वसईच्या कॅथलिकांना लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा ऐकायला मिळाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. लिहिलेल्या प्रार्थना म्हणणारे अँग्लिकन आणि मनातून प्रार्थना करणारे प्रेस्बिटेरियन एका छपराखाली आले. शिस्त कुणाची खरी, हा प्रश्न तेव्हा बाजूला ठेवावाच लागला.

आता वाद कीबोर्ड आणि ड्रमचा आहे. ज्येष्ठ वैतागतात, तरुण कंटाळतात. मला मात्र उपासनेतली एक जुनी रीत आठवते. गीताचा क्रमांक दोनदा सांगतात. मागच्या बाकावरच्या आजी चष्मा शोधतात, ‘उपासना संगीत’ची पानं चाळतात, आणि त्यांना पान सापडेपर्यंत पेटीवाला भाता धरून थांबतो.