व्हिएतनामची सफर : देश लांब, सवड आखूड

व्यापारी माणसाची सवड ही त्याच्या भांडवलासारखीच मोजकी असते. दुकानाचे शटर पंधरा दिवस खाली ठेवायचे म्हणजे भाडे, नोकरांचा पगार आणि तुटणारे गिऱ्हाईक या तिन्हींचा हिशेब करावा लागतो. कारागिराचे तर हात थांबले की रोजीच थांबते. म्हणून आपले बांधव हज-उमऱ्याखेरीज परदेशी सफरीचा विचार सहसा करीत नाहीत. गेल्या काही वर्षांत मात्र मुंबईहून व्हिएतनामला थेट विमाने सुरू झाली आणि आपल्या बाजारपेठांतील अनेकजण त्या देशाबद्दल आमच्याकडे विचारणा करू लागले. पाहण्यासारखे काय आहे, माल काय मिळतो, खाण्यापिण्याचे कसे, हे प्रश्न तर असतातच. पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. तो म्हणजे, जायचे केव्हा आणि देशाच्या कोणत्या भागात?

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते नकाशा पाहिला की कळते. व्हिएतनामचे क्षेत्रफळ सुमारे 3 लाख 31 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडेसेच जास्त. पण महाराष्ट्र ऐसपैस पसरला आहे, आणि हा देश दक्षिणोत्तर सुमारे 1,650 किलोमीटर लांब ताणलेला आहे. मध्यभागी एके ठिकाणी तर त्याची रुंदी जेमतेम 50 किलोमीटर भरते. हनोईहून सायगावला, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह शहराला, जाणारा लोहमार्ग 1,726 किलोमीटरचा आहे. मुंबई-दिल्लीच्या सव्वापट अंतर झाले. एवढ्या लांब पट्टीवर एकाच महिन्यात तीन प्रकारचे हवामान असते. ते ध्यानात न घेता ‘दहा दिवसांत संपूर्ण व्हिएतनाम’ अशी जाहिरात पाहून तिकीट काढणारा माणूस निम्मे दिवस विमानतळावर आणि उरलेले पावसात घालवतो.

दिवाळीची सुट्टी आणि होई आनचा पूर

आमच्या माहितीतील व्यापाऱ्यांचा एक गट मुलांच्या शाळेची सोय पाहून दिवाळीच्या सुट्टीत निघाला. होई आन या जुन्या बंदरगावात पोहोचले तेव्हा नदीचे पाणी गल्ल्यांत शिरले होते. दोन दिवस हॉटेलच्या वरच्या मजल्यावर बसून काढावे लागले. त्यांनी दोष नशिबाला दिला. पण नशिबाचा दोष त्यात थोडाच होता. मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर हा ऐन पुराचा काळ असतो. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस ह्यू आणि होई आन ही दोन्ही शहरे अशीच पाण्याखाली गेली होती.

याचे कारण आपल्याला समजणे अवघड नाही. सह्याद्रीमुळे कोकणात धो-धो पाऊस आणि घाटमाथ्यापलीकडे दुष्काळी पट्टा, हे आपण दरवर्षी पाहतो. तिकडे त्रुओंग सोन नावाची पर्वतरांग देशाच्या पश्चिम कडेने उभी आहे. जून ते ऑगस्टचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस ती अडवते, त्यामुळे मध्य किनारा त्या महिन्यांत कोरडा आणि कडक उन्हाचा असतो. पुढे वारा फिरून ईशान्येकडून समुद्रावरून येऊ लागला की तोच किनारा सप्टेंबर ते डिसेंबर झोडपला जातो. आपल्या मद्रासकडचा पाऊस जसा उशिरा येतो तसेच हे.

याउलट दक्षिणेकडील सायगाव आणि मेकाँग नदीच्या खोऱ्यात मे ते ऑक्टोबर पाऊस आणि नोव्हेंबर ते एप्रिल कोरडे. उत्तरेस हनोईला चक्क हिवाळा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत झिमझिम पाऊस, धुके आणि स्वेटर लागेल इतकी थंडी. उन्हाळ्यात तिथे उकाडा, पाऊस आणि समुद्री वादळे. जुलै 2025 मध्ये हा लाँग उपसागरात अचानक आलेल्या वादळाने पर्यटकांची नौका उलटून तीसहून अधिक माणसे दगावली. त्याआधी सप्टेंबर 2024 मध्ये यागी चक्रीवादळाने याच भागात मोठी हानी केली होती. म्हणून या महिन्यांत समुद्रावर जायचे असेल तर हवामान खात्याचा इशारा पाहिल्याशिवाय नावेत पाय ठेवू नये, आगाऊ भरलेले पैसे बुडाले तरी चालतील.

आपली पंचांगे जुळवावीत कशी?

साऱ्या देशाला एकदम मानवणारा काळ म्हणजे मार्च आणि एप्रिल. उत्तरेची थंडी ओसरलेली, मध्यभाग कोरडा, दक्षिणेत पाऊस अजून सुरू व्हायचा. आणि या काही वर्षांत हाच काळ आपल्या व्यापाऱ्यांना सोयीचा येत आहे. 2026 मध्ये ईद-उल-फित्र मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आली, 2027 मध्ये ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येईल. रमजानची विक्री संपली, देणीघेणी मिटली की कपडा, चप्पल, अत्तर, सुकामेवा या धंद्यांत दोन-तीन आठवडे मंदीच असते. तीच सफरीची वेळ.

एक इशारा मात्र द्यायला हवा. व्हिएतनामी नववर्ष, ज्याला ते ‘तेत’ म्हणतात, चांद्रमासाप्रमाणे जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येते. 2026 मध्ये ते 17 फेब्रुवारीला होते, 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात कारखाने, कार्यशाळा, दुकाने बंद असतात आणि रेल्वेत जागा मिळत नाही. माल पाहण्यासाठी जाणाऱ्याने ते दिवस कटाक्षाने टाळावेत.

ज्यांचा धंदा पावसाळ्यातच थंडावतो त्यांनी निराश होऊ नये. जून-जुलैत संपूर्ण देशाचा हट्ट सोडून फक्त मधला भाग, ह्यू ते होई आन, पाहावा. ऊन कडक असेल, पण रस्ते कोरडे मिळतील. दिवाळीच्याच सुट्टीत जाणे भाग असेल तर मधला भाग वगळून हनोई आणि तिच्या आसपासचा उत्तर भाग धरावा. तिकडे त्या दिवसांत हवा उत्तम असते.

तीन तुकडे, तीन कामे

आमची सूचना अशी की देशाचे तीन तुकडे करावेत आणि हाताशी आठ दिवस असतील तर एकच, फार तर दोन घ्यावेत. पंधरा दिवस असतील तरच तिन्ही. अशा वेळी हनोईत उतरावे आणि सायगावहून परतावे. त्याच वाटेने मागे येण्यात दिवस आणि पैसा दोन्ही जातात.

उत्तरेत हनोईचा जुना बाजार आपल्या लोकांना घरच्यासारखा वाटेल. पुण्यात तांबट आळी, बोहरी आळी आहेत तशाच तिथे एकेका मालाच्या गल्ल्या आहेत. ‘हांग’ म्हणजे माल. हांग बाक ही चांदीची गल्ली, हांग थिएक ही पत्र्याची. पत्र्याच्या गल्लीत आजही हातोड्यांचा आवाज चालू असतो. शहरापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत बात त्रांग हे कुंभारांचे गाव आणि वान फुक हे रेशीम विणणाऱ्यांचे गाव आहे. या उत्तर भागातील चिनी मातीची भांडी पंधराव्या शतकात दूरवर जात. 1450 साल लिहिलेली त्यांतील एक सुरई इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. समुद्रातून वर आलेले चुनखडीचे हजारो सुळके पाहायचे तर हा लाँग, आणि तसेच सुळके भातशेतीत उभे पाहायचे तर निन्ह बिन्ह.

मधल्या भागात ह्यू ही जुन्या बादशहांची राजधानी, होई आन हे जपानी-चिनी व्यापाऱ्यांचे जुने बंदर आणि मी सोन येथील चाम राजांची विटांची देवळे. होई आन आणि मी सोन 1999 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. मी सोनचे बरेच बांधकाम 1969 च्या अमेरिकन बाँबफेकीत पडले. त्यातील काही भागांची डागडुजी अलीकडे आपल्याच भारतीय पुरातत्त्व खात्याने केली. दा नांगजवळ नोन नुओक हे पाथरवटांचे गाव आहे. तिथल्या संगमरवरी टेकड्या फोडण्यास बंदी आल्यावर पाथरवटांनी धंदा सोडला नाही, दगड बाहेरून आणवला. टेकड्याही राहिल्या आणि छिन्नीही चालू राहिली. आपल्याकडे कच्चा माल बंद झाला की मुले रिक्षा चालवू लागतात, म्हणून हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

दक्षिणेत सायगावची बाजारपेठ आणि मेकाँगचे खोरे आहेच. पण आमच्या वाचकांनी दोन ठिकाणे चुकवू नयेत. पहिले फान रांगजवळचे बाउ त्रुक. इथल्या चाम स्त्रिया चाकाविना मडकी घडवतात. मडके जागेवर राहते आणि बाई त्याच्याभोवती फिरते. 2022 मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपण्याजोग्या वारशांच्या यादीत घातली. दुसरे, कंबोडियाच्या सीमेजवळचे चाउ डॉक. तिथे हाउ नदीच्या पलीकडे चाम मुस्लिमांची गावे आहेत. मशिदी आहेत, मदरसे आहेत, हातमागावर लुंग्या आणि शाली विणल्या जातात. हे लोक शाफई मसलकाचे, म्हणजे आपल्या कोकणी बांधवांशी नाते सांगणारे. यंत्रमागाच्या कापडापुढे त्यांचा हातमाग जेमतेम तग धरून आहे. मालेगाव-भिवंडीच्या माणसाला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. तिथे फोटो काढून परतू नये. एखादी शाल योग्य दाम देऊन घ्यावी आणि माग कसा चालतो ते विचारावे.

नमाज, जेवण आणि पैसा

सायगावात दोंग दू रस्त्यावरील मशीद 1935 मध्ये दक्षिण हिंदुस्थानातून गेलेल्या मुस्लिमांनी बांधली. हनोईत हांग लुओक गल्लीतील अल-नूर मशीद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनीच उभारली. आपले पूर्वज परमुलखात माल विकून थांबले नाहीत, सजद्याची जागाही करून आले, याचा अभिमान वाटतो. जुम्याचा दिवस या दोन शहरांत येईल असा कार्यक्रम आखावा. किब्ला मुंबईप्रमाणेच पश्चिमेस, किंचित उत्तरेकडे झुकलेला. सफरीतील नमाजेच्या सवलती निघण्यापूर्वी आपल्या आलिमांकडून समजून घ्याव्यात.

जेवणाबाबत दक्षता हवी, कारण डुकराचे मांस आणि चरबी तिथे सर्रास वापरतात. त्याला उत्तरेत ‘लन’ आणि दक्षिणेत ‘हेओ’ म्हणतात, म्हणून दोन्ही शब्द लिहून घ्यावेत. हलाल खाणावळी मशिदींच्या आसपास सापडतात. अन्यत्र ‘चाय’ अशा काहीशा उच्चाराची पाटी शोधावी. हा आपला चहा नव्हे, बौद्ध पद्धतीचा शुद्ध शाकाहार होय. सोबत खजूर, चणे, चटणी ठेवणारा कधीच अडत नाही.

चलन डोंग. एका रुपयाला ढोबळमानाने तीनशे डोंग धरावेत, निघताना दर पाहून घ्यावा. 20 हजार आणि 5 लाखांच्या दोन्ही नोटा निळ्या असतात. अंधारात रिक्षावाल्याला एक समजून दुसरी दिली तर पंचवीसपट फटका बसतो. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा असतो. सरकारी शुल्क एका प्रवेशास 25 डॉलर, अनेक प्रवेशांस 50 डॉलर. सरकारी नावासारखे नाव घेऊन दुप्पट-तिप्पट उकळणारे दलाल बरेच आहेत. नाव पासपोर्टावर आहे तसेच, अक्षरन् अक्षर भरावे. आणखी एक नवी अडचण अशी की 1 जुलै 2025 पासून तिथले 63 प्रांत आणि महानगरे मिळून 34 झाली. मी सोन आणि होई आन आता दा नांगमध्ये मोडतात. कारखान्याचा पत्ता जुना असेल तर फोन करून पक्का करून घ्यावा.

माल घेताना एवढेच सांगू. पहिल्या खेपेस नमुने आणावेत, पेटारे नव्हेत. सीमाशुल्काचे नियम आधी वाचावेत. हस्तिदंत, प्रवाळ, कासवाची पाठ यांना हातही लावू नये. ओळख होण्याआधी आगाऊ रक्कम देऊ नये आणि करार लेखी असावा, जसे पवित्र कुरआनाने आपल्याला उधारीच्या व्यवहारात शिकवले आहे.

जमिनीवर फिरून डोळसपणे पाहण्याची ताकीदही त्याच ग्रंथात वारंवार आली आहे. पण डोळसपणा विमानात बसल्यावर येत नाही. तो घरी, नकाशा आणि पंचांग समोर ठेवून सुरू होतो. आपल्या सवडीचे दिवस मोजावेत, तेवढ्यात मावेल तेवढाच मुलूख निवडावा आणि उरलेला पुढच्या खेपेसाठी ठेवावा. अल्लाहने आयुष्य आणि बरकत दिली तर तो मुलूख कोठे जात नाही.